काटा सगळीकडे सारखा

६ फेब्रुवारी

गोटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच केराच्या टोपलीत टाकशील, अशी मी मनाची तयारी केली होती. उघडलंस, बरं केलंस. नऊ वर्षांनी लिहितेय म्हणजे आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. विचारली असं समज. रडगाणं गायला लिहीत नाहीये. काम आहे.

एका प्रयोगशाळेला स्टीलचा पोकळ गोळा हवाय, दोन मीटर व्यासाचा. माझ्याहून हातभर उंच. त्यात पाणी भरून तो गरगर फिरवायचा आणि आतलं पाणी कसं घुमतं ते बघायचं, असा त्या मोठ्या माणसांचा खेळ आहे. गोलाईत कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही. चार कारखान्यांनी हात वर केले. मी हो म्हटलं. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "झेपेल का?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्या वयाचे असताना हे काम आलं असतं, तर हा प्रश्न विचारला असतात का?" हात थरथरतात हल्ली त्यांचे, पण सकाळी आठाला शेडमध्ये हजर असतात आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसतात.

अडचण तपासणीची आहे. लहान गोळे आपण लोखंडी कड्यातून सगळ्या बाजूंनी काढून बघतो, ते तुला ठाऊक आहे. अडकला तर बाद. पण दोन मीटरचं कडं बनवायचं कुणी आणि एवढा गोळा त्यातून पार करायचा कसा? मग मी तिपाई काढली. अण्णांचीच, पण मोठी करून घेतलेली. तीन पाय सारख्या अंतरावर, मधोमध पिन, वर डायल. पत्रा किती फुगलाय ते काटा दाखवतो.

प्रयोगशाळेचा तपासनीस आला होता. शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला. तिपाईकडे बघून म्हणाला, "बाई, याचे तीनच पाय. पत्रा एका बाजूला जास्त वाकलेला असला तर पाय कुठे पडतात त्यावर आकडा बदलेल." मी त्याला कोपऱ्यातल्या जुन्या मोठ्या पाइपाकडे नेलं. पाइप एका बाजूने वाकलेला, दुसऱ्या बाजूने सरळसोट. त्यावर तिपाई ठेवली आणि म्हटलं, "फिरवा." त्याने फिरवली. काटा जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली. डायलवर टिचकी मारली. सतरा वर्षांची असताना तू नेमकं हेच केलं होतंस आणि अण्णा ओरडले होते की पोरीने डायल बिघडवला. मग तू तीन तास पेन्सिल चावत बसलीस आणि दाखवून दिलंस की तीन पाय सारख्या अंतरावर असले, की काटा कुठल्या एका बाजूचा बाक दाखवत नाही. दोन्ही बाकांची सरासरी दाखवतो, पाय कुठेही पडोत.

तपासनिसाला हे सगळं मी तोंडपाठ सांगितलं. पुढचंही सांगितलं. काटा पाइपावरही सगळीकडे सारखाच येतो. पाइप फसवतो, कारण त्याला टोकं असतात. पण बंद आकार घ्या, कुठेही न उघडणारा. त्यावर काटा सगळीकडे सारखा आला, तर तो गोळाच. भोपळा नाही, अंडं नाही, दुसरं काहीही नाही. हे सिद्ध झालेलं आहे. त्याने विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीने. या विषयातली तिच्या तोडीची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत." काय सांगू, मान अशी ताठ झाली माझी की दिवसभर दुखत होती.

तर त्याला रिपोर्टवर दोन सह्या हव्यात. एक मोजणाऱ्याची. दुसरी अशा माणसाची, जो लिहून देईल की हे आकडे आले म्हणजे गोलाई दोन मिलिमीटरच्या आत आहे. दुसरी सही तुझी. प्रत्यक्षात काटा कधीच तंतोतंत सारखा येत नाही, डायलची दोनचार घरं इकडेतिकडे होतातच. किती घरं चालतील, तेवढं कळव. २५ मार्चला माल द्यायचाय.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

गोटे,

उत्तर आलं. अर्धं पान! तेही मोजूनमापून.

तू लिहितेस की काट्यातला फरक कमी, तर गोळ्यापासूनचा फरकही कमी, मध्ये "कुठलातरी एक स्थिरांक" येतो. अगं, तो कुठलातरी स्थिरांक मी कुठल्या दुकानातून आणू? तपासनिसाला सांगू का, साहेब, फरक किती ते माहीत नाही, पण असतो बरं का? तुम्ही लोक वर्षानुवर्षं "असतो" एवढ्यावर पगार घेता! आमच्या इथे वेल्डर काकांनी "पत्रा कुठल्यातरी जाडीचा आहे" म्हटलं, तर मी त्यांना घरी पाठवीन. माझा गोळा दोन मीटरचा आहे. तिपाईचे पाय मधल्या पिनेपासून बारा सेंटिमीटरवर आहेत. एवढ्या मापाच्या बिनचूक गोळ्यावर काटा सातशे तेवीस घरं, म्हणजे सव्वासात मिलिमीटरला जरा कमी, दाखवायला हवा. आता आकडा काढ.

तुझी दुसरी अट वाचून मात्र हसले. आकार स्वतःच्याच आरपार जाणारा नसावा, नाहीतर काटा सगळीकडे सारखा येऊनही तो गोळा नसू शकतो. निश्चिंत राहा. पत्र्याला स्वतःतून आरपार जायला मी अजून शिकवलेलं नाही.

काम बघायला हवं होतंस तू. पत्र्याच्या अठ्ठेचाळीस पाकळ्या कापल्या. प्रत्येक पाकळी मी स्वतः ठोकली, लाकडी हातोडीने, वाळूच्या पिशवीवर. स्टील हट्टी असतं, एका जागी दोन टोले जास्त पडले की दुसरीकडे रुसतं. वेल्डर काका म्हणाले, "अण्णांचा हात इतका हलका नव्हता." अण्णा समोरच होते. त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसला.

राहिला तुझ्या पत्राचा शेवट. "ताई, सगळीकडे म्हणजे कुठे कुठे?" एवढंच लिहिलंयस, खाली सहीसुद्धा नाही. हा काय प्रश्न झाला? सगळीकडे म्हणजे सगळीकडे. पाणी भरायचं भोक आहे, त्यालासुद्धा बूच बसवून, वरून घासून मोजणार आहे. अजून काय हवं?

आकडा लवकर पाठव.

ताई


१ मार्च

गोटे,

तीन घरं. सातशे तेवीसच्या वर तीन आणि खाली तीन. अकरा पानं हिशेब पाठवलायस, शेवटी दोन रेघा मारून "३". मी पहिली दोन पानं वाचली, मग नुसते आकडे बघत बसले. तुझा तीन अजून तसाच आहे, खालचं पोट मोठं. तू लिहितेस की हा स्थिरांक आजवर कुणी आकड्यात काढलेला तुला सापडला नाही आणि आता तो तुझ्या पुढच्या लेखात जाणार. म्हणजे माझ्या शेडमुळे तुमच्या शास्त्रात एक आकडा वाढला! जेवताना हे मी चौघांना ऐकवलं. कुणाला काही कळलं नाही, तरी ऐकवलं.

आता तुझी अट. सही करशील, पण नऊ वर्षांपूर्वी "सगळीकडे" म्हणजे कुठे होतं, ते मी आधी बोलायचं. तुझ्याजवळ नाही. शेडमध्ये, सगळ्यांसमोर. जिथे तुला बोल लावला तिथे.

अट वाचून डोकं फिरलं माझं. पाठवायला घेतलेलं एक पत्र फाडलं. त्यात तुला बरंच काही लिहिलं होतं. घर सोडून गेलीस, फोन उचलले नाहीस, आईच्या आजारपणात एकदाच आलीस आणि पाहुणीसारखी बसलीस. ते सगळं खरं आहे. पण ते आठवून माझं काम होत नाही.

तर ऐक. तू त्या दिवशी टेबलाशी केस विंचरत बसली होतीस. मी दारातूनच विचारलं, "चाळीस गोळे झालेत, काटा सगळीकडे सारखा आहे, कड्याचा खटाटोप करू का?" तू म्हणालीस, "सगळीकडे सारखा असेल आणि गोळा बंद असेल तर ताई, तो गोळाच आहे." मला हवं ते ऐकू आलं. कडं भिंतीवरच राहिलं.

मी सांध्यावर तिपाई टेकवलीच नव्हती. दोन वाट्या जोडतो तिथे वेल्डिंगची वळी असते, तिच्यावर तिपाईचे पाय डुगडुगतात. वळी आधी घासायला लागते, चाळीस गोळ्यांची. मी वरच्या वाटीवर मोजलं, खालच्या वाटीवर मोजलं, सांध्याच्या वरची दोन बोटं आणि खालची दोन बोटं सोडून दिली. आणि नेमक्या तिथेच, शिकंजा नीट धरावा म्हणून वाटीच्या काठाला ठेवलेली सरळ कड मी पुरती कापली नव्हती. म्हणजे प्रत्येक गोळ्याच्या कमरेला पाइपाचा एक बारीक तुकडा राहिला होता. पाइपावर काटा निम्मा येतो. टेकवला असता तर पहिल्याच गोळ्यावर कळलं असतं.

गोळे पाण्याच्या टाक्यांत तरंगायला होते, ते तिथल्या जाळ्यांमध्ये अडकले, अख्खी लॉरी परत आली. अण्णांनी कडं काढलं, तिसराच गोळा अडकला. त्यांनी विचारलं, "कड्यातून काढले नव्हतेस?" मी म्हटलं, "गोटी म्हणाली काटा पुरे." खोटं नव्हतं ते. पण सगळीकडे टेकवला नव्हता, हे सांगितलं नाही. मग अण्णा तुला बारा माणसांसमोर बोलले. पुस्तकं वाचून गोळे होत नाहीत, इथे पुन्हा गणित सांगायला यायचं नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मी फडक्याने तिपाई पुसत होते. मूग गिळून पुसतच राहिले.

हे तुला लिहिलं. शेडमध्ये बोलायचं मात्र बघते. ती माणसं माझ्या शब्दावर काम करतात, गोटे. मी म्हटलं "बरोबर आहे" की ते हातोडी खाली ठेवतात. तेवढं एकच माझ्याजवळ आहे.

ताई


९ मार्च, रविवार

गोटे,

आज अण्णांना सांगितलं. शेडमध्ये नाही, घरी. तू म्हणशील ही पळवाट. आहेच.

सकाळी ते वर्तमानपत्र वाचत होते. मी समोर बसले आणि तुला लिहिलं तेच सगळं एका दमात बोलून टाकलं. वळी, चार बोटं, सरळ कड, फडकं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "माहितीये."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगायला लागले. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "माहितीये म्हटलं ना. माल परत आला त्याच संध्याकाळी तुम्ही सगळे गेल्यावर मी एक वळी घासली आणि तिपाई ठेवली. काटा निम्म्यावर."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी गोटीला बोललात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तिला का बोललात?"

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुझ्या-माझ्यात त्यावरून पुन्हा भांडण नको. "ती जाणारच होती. तिला तिकडे नोकरी, पुस्तकं, मानमरातब सगळं मिळणार होतं. तुला इथेच राहायचं होतं. बारा माणसं आधीच नाकं मुरडत होती, बाई हातोडी घेऊन उभी राहते म्हणून. तू चुकलीस असं मी म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुझं कुणी ऐकलं नसतं. कुणावर तरी ढकलायचंच होतं. जाणारीवर ढकललं."

मी उठून बाहेर गेले. परत आले तर ते तसेच बसलेले. मी म्हटलं, "एवढी नऊ वर्षं माझा कारखाना माझ्या हातावर उभा आहे असं मी समजत होते. तो तुम्ही तिच्या पाठीवर उभा केला होतात." म्हणाले, "हातावरच उभा आहे. मी फक्त पहिला दिवस पार करून दिला." आणि मग, गोटे, त्यांनी हात जोडले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही, तू तशी काही कल्पना करू नकोस. म्हणाले, "हे शेडमध्ये बोलायचं नाही. एवढं मोठं काम चाललंय. लोकांचा विश्वास उडेल." आणि पेपर उचलला.

मला राग कुणाचा आलाय, तेच कळत नाही. तुझी माफी मागायला बसले होते, आता अण्णांच्या वाटचीही मागायची की काय? ती मी मागणार नाही. त्यांची त्यांनी मागावी.

गोळ्याचे सांधे पूर्ण झाले. चार जण आळीपाळीने घासतायत. वळीचा मागमूस ठेवायचा नाही, असं सांगितलंय मी.

ताई


२४ मार्च, सोमवार

गोटे,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. आत मी पाठवलेला रिपोर्ट, दुसऱ्या सहीच्या जागी तुझी सही, शिक्क्यासकट. आणि चिठ्ठी: "अट काढून घेतली. तू मला सांगितलंस, अण्णांना सांगितलंस, पुरे. तुझा शब्द मला चालतो."

सही परत पाठवतेय. रागावू नकोस, आधी वाच.

गेले दहा दिवस आम्ही मोजतोय. गोळ्यावर खडूने चौकोन आखले, चारशे बारा. चौकोनामागून चौकोन तिपाई, येईल तो आकडा वहीत. सांध्यांवर दुप्पट. बुचावर चार वेळा. सातशे एकवीस, सातशे चोवीस, सातशे तेवीस, सातशे तेवीस. मी तपासनिसाला फोन करून आकडे वाचून दाखवले. त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "हातोडीने?" मी म्हटलं, "लाकडाच्या." असा भाव खाल्ला मी!

तुझी सही आल्यावर रिपोर्ट शेवटचा वाचायला घेतला. छापलेलं वाक्य आहे: "पृष्ठभागावर सर्व ठिकाणी मोजमाप घेतले." खाली माझी सही करायला पेन टेकवलं, आणि आठवलं की गोळा घोडीवर, लोखंडी बैठकीवर बसलाय. घोडीच्या चार पट्ट्यांवर त्याचं सगळं वजन. आम्ही तो फिरवला, पण पट्ट्या बसतात त्या तळाच्या चार जागा एकदाही मोकळ्या झाल्या नाहीत, कारण तो घोडीसकट एकाच उभ्या आसावर फिरतो आणि पट्ट्या त्याच्याबरोबर फिरतात. प्रत्येक जागा दोन तळहात. चारशे बारापैकी चार. कुणाला कळलं नसतं. तपासनिसाला नाही, तुलाही नाही. तू तर माझ्या शब्दावर सही केली होतीस.

खरं सांगू, पाच मिनिटं मी पेन धरून बसले होते. उद्या माल द्यायचाय. क्रेन परवाशिवाय मिळत नाही. चार जागा सोडून बाकी आकडे इतके सुंदर आहेत की तिथेही तसेच असणार, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. मग पेन ठेवलं.

तपासनिसाला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, बुधवारी मी स्वतः येतो, क्रेनने उचला, माझ्यासमोर मोजा, आणि तीन घरांच्या बाहेर एक जरी आकडा गेला तर ऑर्डर रद्द. मी म्हटलं, या.

तू येशील का? परीक्षांचे दिवस आहेत तुझ्याकडे, ठाऊक आहे मला. तरी विचारलं.

ताई


२९ मार्च, शनिवार

गोटे,

तुझी तार-बीर काही आली नाही, म्हणजे जमलं नाही. हरकत नाही. झालं ते सगळं सांगते, नीट बसून वाच.

बुधवारी नऊला क्रेन आली. गोळा उचलला, पट्ट्या सोडवल्या. शेडमध्ये चौदा माणसं, वर तपासनीस, आणि अण्णा खुर्चीसकट पुढे येऊन बसलेले. मी गोळ्याखाली उताणी झोपले आणि तिपाई वर टेकवली. पहिली जागा सातशे बावीस. दुसरी सातशे चोवीस. तिसरी सातशे तेवीस. चौथी सातशे अकरा.

पुन्हा टेकवली. सातशे अकरा. तिथली पट्टी जरा तिरकी बसली होती, गोळ्याच्या वजनाने पत्रा दबून चपटा झाला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, हाताला लागत नव्हता. मी आकडा मोठ्याने सांगितला.

मी खालून बाहेर येतेय तोवर अण्णांनी तोंड उघडलं. तपासनिसाला म्हणाले, "साहेब, त्यात काही विशेष नाही. ही तीन घरांची मर्यादा आमच्या धाकट्या मुलीने काढलीय. ती पुस्तकातली आहे, तिला शेडमधलं कळत नाही. बारा घरं सहज चालतात." कोपऱ्यात दोघेजण हसले. एकजण म्हणाला, "मागे चाळीस गोळ्यांच्या वेळीही त्यांचंच गणित होतं."

माझ्या अंगाला घाणेरड्या तेलाचे डाग, केसांत लोखंडाचा कीस, अशी मी उभी राहिले. आवाज इतका चढला की क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "अण्णा, पुरे! गोटीचा आकडा बरोबर आहे. तीन म्हणजे तीन. आणि चाळीस गोळ्यांच्या वेळीही तिचं गणित बरोबर होतं. ती म्हणाली होती सगळीकडे. मी सांध्यावर तिपाई टेकवलीच नव्हती. चार बोटं सोडली. कडही मीच अर्धवट कापली. माल माझ्यामुळे परत आला आणि बोलणी तिने खाल्ली, तुम्हा सगळ्यांसमोर, आणि मी इथे या जागी उभी राहून फडक्याने तिपाई पुसत होते. ज्याला यापुढे माझं ऐकायचं नसेल त्याने आत्ता सांगावं."

अण्णांना ठाऊक होतं, हे मात्र बोलले नाही. ते त्यांचं आहे.

तपासनीस बुटांकडे बघत होता. शेवटी वेल्डर काका पुढे आले, तोंडावरचा मुखवटा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, वळ्या घासून देतो. तुम्हीच म्हणालात राहू दे." मग गोळ्याकडे बघून म्हणाले, "बरं, आता ह्याचं काय करायचं? आतून ठोकायला हात कुठून घालणार? बंद आहे."

बस. इतकंच. नऊ वर्षं ज्याची मला धास्ती होती, ते इतकंच. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि अर्ध्या तासात ठरलं. गोळा पाण्याने भरायचा, बुचातून पंप लावायचा आणि दाब द्यायचा. पाणी सगळीकडे सारखंच ढकलतं, चपटी जागा आधी बाहेर येते. अण्णा पंपाच्या मापाजवळ जाऊन बसले. दाब किती चढवायचा, कुठे थांबायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? थरथरता हात वर केला की पंप बंद. तीन वेळा चढवला, तीन वेळा उतरवला.

चौथी जागा सातशे बावीस. पण दाबाने सगळाच गोळा जरा हलणार, तेव्हा आधीचे चारशे अकरा आकडे मी वहीत खोडले. तपासनीस म्हणाला, "आता पुन्हा?" मी म्हटलं, "पुन्हा." दोन दिवस लागले. एक जोडी मोजायला, एक लिहायला, एक तपासायला, आणि या खेपेला दर तासाला गोळा उचलून वेगळ्या बाजूवर ठेवायचा. सगळ्यात कमी सातशे एकवीस, सगळ्यात जास्त सातशे पंचवीस. काल संध्याकाळी तपासनिसाने स्वतः हवे तिथे वीस चौकोन निवडले, स्वतः तिपाई टेकवली आणि ऑर्डर कायम असल्याचं लिहून दिलं. जाताना म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा, आमच्याकडे अजून दोन गोळे आहेत करायचे." मी म्हटलं, "सांगते, पण ती फार मोठी बाई आहे, वेळ घ्यावी लागेल."

माझी चूक होती, गोटे. तू बरोबर होतीस आणि मी तुला एकटं पाडलं. हे लिहायचं राहिलं होतं, इतक्या पत्रांत कसं राहिलं कोण जाणे. मला फार वाईट वाटतं त्याचं. आणि तुझा अभिमान इतका वाटतो की लोक आता मला टाळायला लागलेत.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तर समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिला लिहितेयस ना? माझ्या हाताने लिहिता येत नाही, तू लिही." मी पेन धरलं. म्हणाले, "लिही: चूक ताईची होती. खोटं माझं होतं." मी विचारलं, अजून काही? म्हणाले नाही, आणि शेडवर गेले.

एक अक्षर मी बदललेलं नाही. नवा रिपोर्ट सोबत आहे, सगळे आकडे आहेत. सही करण्याआधी नीट वाच.

तुझी,
ताई